मोजून चार

“चौदा मिनिटं,” हातातल्या घड्याळाचं बटण दाबत सासरे म्हणाले. “पाडा. पुन्हा उभा करा.”

तंबू पाडला गेला. गच्चीवर ऊन चढलं होतं, हा सरावाचा तिसरा रविवार होता आणि दोरी ओढून ओढून सूनबाईच्या तळहाताला फोड आला होता. आठवडाभर ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सुट्टीच्या दिवशी घरी ही कवायत करायची. येत्या शनिवारी ती, तिचा नवरा आणि दोन मुलं पहिल्यांदाच तळ्याकाठी तंबूत राहायला जाणार होती. तेही एकच रात्र. एवढ्या तयारीत लोक डोंगर चढून परत येतात.

सासरे एकतीस वर्षं अग्निशमन दलात होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण सुंभ जळाला तरी पीळ गेला नव्हता. उठताबसता सल्ले चालायचे. तंबू उतारावर नको. झाडाखाली नको. पाण्याच्या कडेला तर नकोच नको. आत शेगडी पेटवायची नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. बूट आत घ्यायचे आणि सकाळी झटकून मगच घालायचे. “चार माणसांचा म्हणून देतात त्या तंबूत तीनच जण धड झोपतात,” असं सांगून ते स्वतः दुकानात गेले आणि सहा जणांचा तंबू भाड्याने घेऊन आले. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून वाळू भरलेले रंगाचे डबे मांडले. नवरा प्रत्येक सल्ल्याला “हो बाबा” म्हणायचा आणि दोरी भलत्याच डब्याला बांधायचा.

सहा जणांचा तंबू दारात आला तेव्हाच सूनबाईच्या डोक्यात प्रकाश पडला होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार होता हा. यायचं असेल तर सरळ सांगावं, म्हणजे सरळ नाही म्हणता येतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. प्रत्येक सहलीत गाडीच्या पुढच्या सीटवर सासरे आणि मागे ती, मुलांच्या मध्ये चेंगरून. या वेळी तिला फक्त चौघंच हवे होते. “बाबा, राग मानू नका, पण...” हे वाक्य तिने आंघोळ करताना दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. सासरे विषयच काढत नव्हते, त्यामुळे वाक्य तोंडातच राहत होतं.

“धूर!” सासरे अचानक ओरडले.

चौघं तंबूतून धडपडत बाहेर आले आणि कठड्याशी रांगेत उभे राहिले. सासऱ्यांनी बोटाने मोजलं. “चार. बरोबर.” हा दलातला नियम होता. बाहेर आलं की आधी माणसं मोजायची आणि आकडा जुळेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही.

“आजोबा, तुम्ही स्वतःला मोजतच नाही,” थोरली म्हणाली.

“मोजणारा बाहेर उभा असतो गं. तो हजेरीत नसतो.”

शनिवारी सकाळी औषधांचा डबा ठेवायला सूनबाईने तंबूची बॅग उघडली. वरच एक कागद होता, पट्टीने आखलेला. तंबूचा नकाशा आणि कोणी कुठे झोपायचं ते. दाराशी सूनबाई, तिची झोप सावध. मग धाकटा, मग थोरली. टोकाला चिरंजीव, घोरतो. उरलेल्या दोन जागांवर लिहिलं होतं: सामान, ओले बूट. आणि सगळ्यात खाली: घरी एक माणूस, दूध अर्धा लिटर पुरे.

कोपऱ्यात तारीख होती. तंबू आणला त्याच्या आदल्या दिवसाची. त्या संध्याकाळी ती बाल्कनीत उभी राहून बहिणीशी फोनवर बोलली होती, “या वेळी फक्त आम्ही चौघं, बाबा नकोत,” आणि सासरे आत पेपर वाचत बसले होते.

तिला लाज वाटली. लाज वाटायला लावली म्हणून सासऱ्यांचा रागही आला. त्यांनी हट्ट केला असता, तोंड फुगवलं असतं, तर किती सोपं गेलं असतं. बारा वर्षांत एकदा चौघांनी जायचं, तर तेही या माणसाने सुखाने जाऊ दिलं नाही. तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

सगळे गाडीत बसले. नवरा चालवायला, शेजारी ती, मागे मुलं. सासरे फाटकाशी आले आणि त्यांनी खिडकीतून घड्याळ तिच्या हातात दिलं.

“हे आता तुझ्याकडे. अंधार पडायच्या आत तंबू उभा राहिला पाहिजे.” मग त्यांनी बोट उचललं. “चार. बरोबर. निघा.”

नवऱ्याने गाडी सुरू केली. सूनबाईने हात लांब करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

“आकडा चुकलाय, बाबा.”

सासऱ्यांनी पुन्हा मोजलं. “चारच आहेत.”

“पाच पाहिजेत. जुळेपर्यंत गाडी हलत नाही.”

सासरे फाटकाला धरून उभे राहिले. “दूध सांगून ठेवलंय मी,” ते म्हणाले, आणि मग, “माझी बॅगसुद्धा भरलेली नाही.”

“दोन मिनिटं देते,” सूनबाईने घड्याळाचं बटण दाबलं, “आणि मागे बसायचं, मुलांच्या मध्ये.”