काठोकाठ

"अजून एक थेंब," लेम्पी म्हणाली आणि तिनं ड्रॉपर बरणीच्या तोंडाशी धरला.

"बरणी भरतेयस की तळं?" ड्यूईनं विचारलं. तिचा नवरा नुसत्या बनियनवर पंख्याखाली बसला होता; दूर दक्षिणेतल्या या गावात डिसेंबरातही उकडायचं. बरणीतल्या बर्फासाठी अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, कुटून देणं हे त्याचं डिसेंबरातलं एकमेव काम, आणि ते उरकल्यापासून तो फक्त शेरे मारत होता.

"हवा राहिली की बुडबुडा होतो. छपरावर तरंगत बसतो मेला. सगळी शोभा जाते."

"गेल्या वर्षीपण हेच म्हणालीस."

"गेल्या वर्षीपण बुडबुडा नव्हता."

झाकणाच्या आतल्या बाजूला तिनं एक इवलंसं घर चिकटवलं होतं. ओंडक्यांचं, तीन खिडक्यांचं, मागे सॉनाची, म्हणजे वाफेनं न्हायची ठेंगणी खोली. ओव्हनमध्ये भाजलेली माती, वर रंगाचे तीन हात. पाण्यात ग्लिसरीनचे चारच थेंब होते, कारण जास्त पडले की बर्फ आळसावतो. तिनं घर अलगद पाण्यात बुडवलं, बाहेर सांडलेलं पाणी पुसलं, झाकण घट्ट फिरवलं, काठाला गोंद लावला आणि बरणी उलटी केली. घरावर बर्फ पडू लागला.

दोघं थोडा वेळ बघत राहिली.

तसं खरं घर लेम्पीच्या आणि तिच्या बहिणीच्या वडिलांनी उत्तर मिनेसोटात स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. वडील गेले तेव्हा कागदपत्रं थोरली म्हणून लेम्पीच्या नावावर होती. धाकटी आयली म्हणाली, वसंत ऋतूपर्यंत थांब, मी राहते तिथं. लेम्पी थांबली नाही. घर खाणवाल्यांना विकलं आणि बहिणीला सांगितलं, चांगलं कुटुंब आहे, राहायला येणार आहे. खाणवाले ते पाडणार हे तिला सही करतानाच ठाऊक होतं. आयलीनं बुलडोझर पाहिला तो स्वतःच्या डोळ्यांनी, गाडी रस्त्याच्या कडेला लावून. त्यानंतर ती लेम्पीशी एक शब्दही बोलली नाही.

लेम्पीला त्याचा पस्तावा होता. नुसता होता असं नाही, तिला तो खात होता. पण फोन उचलला की नंबर फिरवायच्या आतच ती तो खाली ठेवायची. कागदावर तर 'चुकलं माझं' एवढंही उतरत नसे. मग एका नाताळात तिनं बरणीतलं असं पहिलं घर केलं आणि पाठवून दिलं. आयली समजेल, असं तिला वाटलं. लहानपणी दोघी खिडकीशी बसून बर्फ बघायच्या, त्या खिडक्यासुद्धा होत्या ना त्यात.

उत्तर आलं नाही. पण खोका परतही आला नाही.

"ठेवून घेते म्हणजे काहीतरी आहेच ना," लेम्पी दरवर्षी म्हणायची. आणि दरवर्षी एक नवं घर करायची. अशी अकरा झाली होती. आयलीच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत ती ओळीनं मांडलेली लेम्पीच्या डोळ्यांसमोर यायची.

हे बारावं. या वर्षी तिला घाई होती, कारण आयलीच्या मुलीचं, ट्रूडीचं पत्र आलं होतं. चारच ओळी. आईनं अंथरूण धरलंय, डॉक्टरांनी नाताळापर्यंतची मुदत दिलीय. कळवावं वाटलं म्हणून कळवते.

"विमानानं जा की," ड्यूई म्हणाला.

"बोलावलं कुठंय तिनं?"

"तूही कुठं विचारलंस?"

लेम्पी खोका बांधायला उठली. बरणीला तिनं बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे चार वेढे दिले, चारी बाजूंना जुने मोजे कोंबले, खोका हलवून कानाशी लावला. काही वाजलं नाही. 'नाजूक' अशा सहा चिठ्ठ्या डकवल्या आणि भर उन्हात सपाता फटकारत पोस्टात स्वतः नेऊन दिला.

फोन आला तो सातव्या दिवशी, दुपारी.

"मावशी, ट्रूडी बोलतेय. आई गेली. काल सकाळी."

लेम्पी खुर्चीत बसली. मग जे विचारू नये ते तिनं विचारलंच.

"माझा खोका पोचला होता का गं?"

"परवा पोचला."

"पाहिला तिनं?"

"तूच माझ्यासमोर उघड, असं मला म्हणाली. या वर्षी तरी बघू, म्हणाली. तेच होतं. ओला पुठ्ठा, काचांचा चुरा आणि मधे आजोबांचं घर. दर वर्षीसारखं."

"काचा?" लेम्पी म्हणाली. "दर वर्षी?"

"पहिल्या वर्षी आई म्हणाली, वाटेत फुटलं असेल. दुसऱ्या वर्षीही म्हणाली. तिसऱ्या वर्षी काहीच बोलली नाही."

"अगं, मी किती जपून बांधायचे! धक्का लागू नये म्हणून मोजे, प्लास्टिक..."

"धक्का कशाला लागायला हवा, मावशी? उणे तीसची थंडी आहे इथं. तोंडापर्यंत पाण्यानं भरलेली बरणी रात्रभर ट्रकमध्ये राहिली की गोठून फुटणारच. इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं ते." ट्रूडीचा आवाज चिरकला. "मी शेवटपर्यंत तुझी बाजू घेत होते. म्हणायचे, मुद्दाम नाही करत ती, मावशी चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिकडे उन्हात आहे, तिच्या ध्यानातही नसेल."

"मग? ती काय म्हणायची?"

"म्हणायची, लेम्पी त्याच घरात, याच थंडीत वाढलीय. तिला ठाऊक नसेल कसं?"