तीनशे ग्रॅम सूप

काट्यावर उभं राहून त्यानं खाली वाकून पाहिलं. एक्क्याऐंशी किलो चारशे. मागच्या सोमवारी एवढंच होतं. त्याच्या मागच्या सोमवारीही एवढंच.

तो खाली उतरला आणि त्यानं काट्यावर वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलं. बरोबर वीस. तीस वर्षं तो दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत आला होता. बाजारात सगळे त्याला काटेवाला म्हणूनच ओळखत. काट्यातच खोट निघाली असती तर आज त्याला आनंद झाला असता. पण काटा धडधाकट होता. खोट त्याच्यातच होती.

बायकोचं यकृत निकामी होत चाललं होतं. डॉक्टरांच्या हिशेबानं तिच्याकडे सहा महिने होते, त्यातले तीन उरले होते. मुलगी परगावी कॉलेजात होती. तिचा रक्तगट जुळला नाही, काटेवाल्याचा जुळला. पण त्याच्या स्वतःच्या यकृतावर एवढी चरबी साठलेली, की त्यातला तुकडा काढून बायकोला देता येईना.

"दहा किलो उतरवा," सर्जन म्हणाले होते. "चरबी उतरली की लगेच ऑपरेशन."

हॉस्पिटलातली आहारतज्ज्ञ त्याच्या मुलीहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं त्याला समोर बसवून सगळं समजावलं होतं.

"काका, पन्नाशीनंतर शरीर कंजूष होतं. स्नायू झिजतात, मग खाल्लेलं जळत नाही, साठतं. चयापचय जागं ठेवायचं तर स्नायू राखायला हवेत. प्रथिनं खा, जेवल्यावर चाला, वेळेवर झोपा. आणि वजनं उचला."

"वजनांना आमच्याकडे तोटा नाही," तो म्हणाला होता.

तेव्हापासून रोज सकाळी तो दोन हातांत दहा-दहा किलोची वजनं घेऊन पन्नास उठाबशा काढत होता. शेजारी हसत. हसोत बापडे. चहातली साखर सुटली, बेकरीचा रस्ता सुटला. गिऱ्हाइकांकडे तो पायी जाऊ लागला. आणि तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी काट्यावर चढू लागली. उकडलेली अंडी शंभर ग्रॅम, भाज्या दोनशे, डाळीचं सूप तीनशे. आकडा मोजला की त्याला हायसं वाटायचं. तेवढ्याच एका गोष्टीवर त्याचा आयुष्यभर भरवसा होता.

सुरुवातीला रांधायचाही तोच. मग बायकोनं त्याला ओट्यापासून हाकललं. "तुमच्या पाणचट सुपानं माणूस आधीच मरायचा," ती म्हणाली होती. उभं राहून तिला धाप लागायची, पण ऐकेल तर शपथ. तिच्या हाताला चवच तशी होती. एवढ्या पथ्यातही तिचं सूप तो वाटी चाटूनपुसून संपवायचा.

पहिल्या तीन आठवड्यांत तीन किलो गेले. सर्जननी खूश होऊन दोघांना बोलावलं, कागदावर आकृती काढून दाखवली. त्याच्या यकृताचा निम्म्याहून मोठा भाग काढणार होते.

"यांना काही होणार नाही ना?" बायकोनं विचारलं.

"धोका फार थोडा असतो."

"म्हणजे असतो," ती म्हणाली.

काटेवाल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. उरलेले सात किलो किती आठवड्यांत जातील, हे तो बोटांवर मोजत होता.

ते सात किलो काही गेले नाहीत. आहारतज्ज्ञ त्याची वही उलटीसुलटी करून दमली.

"काका, राग मानू नका. बाहेर काही खाता का?"

"नाही हो ताई," बायकोच मध्ये बोलली. "कणभरही इकडचं तिकडे करत नाहीत. मी साक्षीला आहे."

मग त्यानं अंडी सोडली, भाज्या निम्म्या केल्या, चालणं दुप्पट केलं. एका दुपारी गिऱ्हाइकाच्या दुकानातच त्याला भोवळ आली. लोकांनी घरी आणून सोडलं. बायको त्याचे तळपाय चोळत बसली.

"मला जमत नाही गं," तो म्हणाला. त्याला रडू आवरेना. "तू जाशील, आणि ती माझ्या या पोटामुळे जाशील."

"वय झालं की शरीर ऐकत नाही. त्यात तुमचा काय दोष?" तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "उठा, दोन घास खा. पोरीला तुम्ही हवे आहात."

या सोमवारी पुन्हा तपासणी झाली. यकृतावरची चरबी उलट वाढली होती. सर्जननी फाइल मिटली. काटेवाल्यानं त्यांचे पायच धरले.

"साहेब, एक महिना द्या. एकच."

सर्जननी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे पिवळेजर्द झाले होते. ती खाली मान घालून बसली होती.

"एक महिना," ते म्हणाले. "त्यापुढे यांचंच शरीर ऑपरेशन सोसणार नाही."

घरी येताच त्यानं शर्ट काढला आणि बाहेरच्या खोलीत वजनं उचलली. आज शंभर उठाबशा. तो मोठ्यानं मोजू लागला.

आत बायकोनं ओट्याचा आधार घेतला, पिठाच्या डब्यामागून लोण्याचं भांडं काढलं, रोजच्याएवढाच गोळा त्याच्या सुपात टाकला आणि तवंग दिसेनासा होईपर्यंत घोटत राहिली.