अंगणावरून गेलेली रेषा

सासऱ्यांनी तिच्यादेखत मोजणीची खुंटी उपटली आणि कुंपणाबाहेर भिरकावली. आठवड्यातली ही तिसरी.

"बाबा, उद्या मशीन येणार आहे," ती म्हणाली.

"येऊ दे. माझ्या अंगणात खोदायचं नाही."

ती नगरपालिकेत इंजिनिअर होती. खालच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी तुंबायचं. तिथलं नवं गटार तिच्याकडे होतं. शहराबाहेरची खाण बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी तिचा विषारी गाळ जागोजागी पडून होता, आणि तो उचलणारं खातं वेगळं. गटार चुकून गाळातून गेलं असतं, तर विष थेट नदीत उतरलं असतं. म्हणून वर्षभर तिने दोन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवलं होतं. नकाशावर नकाशा ठेवून, एकेक वाट खोडत शेवटी एकच रेषा उरली. उतार बरोबर होता. खाणीच्या नोंदीत जमीन स्वच्छ होती. रेषा सासऱ्यांच्या अंगणावरून जात होती.

"बाईंच्या सासरी पाणी उलटं, चढावर वाहतं म्हणे," असं ऑफिसात कुणीतरी बोललं आणि सगळे हसले. तिने साहेबांना काम दुसऱ्याकडे द्यायला सांगितलं. "मग पळाली म्हणतील," साहेब म्हणाले. घरी नवऱ्याने हात वर केले. "तूच समजाव. माझं त्यांनी कधी ऐकलंय?"

ते कुणाचंच ऐकत नसत. खाणीत मुकादम होते. खाण बंद झाली तेव्हा बायको हयात नव्हती, मुलगा बाहेरगावी शिकत होता. त्यांनी हा प्लॉट घेऊन चार खोल्या बांधल्या आणि एकटेच राहिले. ती आणि नवरा दुसरीकडे दोन खोल्यांत अंग चोरून राहत होते, पण "इकडे या" असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. नात आली की तिला पायरीखाली उतरू देत नसत. अंगणभर फरशी, एक रोप नाही. घर विकत घ्यायला कुणी आलं, तर दार लावून घ्यायचे.

इतकी वर्षं मनात ठेवलेलं आज तिच्या तोंडून गेलं. "तुम्हाला माणसांपेक्षा हे घर प्यारं आहे. तुमच्यापायी गल्ली पाण्यात बसते आणि मी दोन्हीकडून बोलणी खाते. इथली जमीन स्वच्छ आहे, बाबा. नोंद वाचलीये मी."

सासरे पायरीवर टेकले.

"ती नोंद मी लिहून दिली होती," ते म्हणाले. "शेवटच्या महिन्यात साठ गाड्या गाळ इथे पुरला. वर माती टाकली. कागदावर स्वच्छ लिही, असं खाणीचे मालक म्हणाले, मी लिहिलं. खाली सही ठोकली. त्यानंतर रोज सकाळी ठरवायचो, आज जाऊन सांगू. दारापर्यंत जायचो आणि परत यायचो."

तिने पायाखाली पाहिलं. मग फोन काढला.

"उद्याचं मशीन थांबवा," ती साहेबांना म्हणाली. "गाळाची एक जागा नकाशात घ्यायची राहिलीये. खालची गल्ली, टोकाचं घर."

"कुणाचं?"

"आमचं."

फोन ठेवून ती त्यांच्या शेजारी बसली.

"सगळं माहीत असून हाच प्लॉट का घेतलात, बाबा?"

"माझ्या आधी एक जोडपं बघून गेलं होतं," ते म्हणाले. "बाईच्या कडेवर मूल होतं."