सातव्या खुर्चीचं भाषण

"आई कशाने गेली तुझी?" सिक्स्टेनने विचारलं आणि वहीवर पेन्सिल टेकवली.

"तुझा लेख वाचून," आन्सगार म्हणाला.

सिक्स्टेन हसला नाही. त्याने ते लिहून घेतलं.

आन्सगार लिंडहुल्ट एक्क्याऐंशी वर्षांचा कवी. गावच्या कविमंडळातली सातवी खुर्ची त्याची. ही खुर्ची मरेपर्यंत सुटत नाही. आणि मेल्यावर तिच्यात जो बसेल, त्याने मे महिन्याच्या सभेत उभं राहून तासभर मेलेल्याचे गोडवे गायचे. वाईट शब्द एकही नाही. मंडळातले बाकीचे सगळे तरणे, जेमतेम साठीचे. त्यामुळे पुढची खुर्ची कुठली रिकामी होणार, हे उघड होतं. ती मिळणार होती सिक्स्टेन ब्रोवालला. चाळीस वर्षं पेपरात आन्सगारची सालटी काढणाऱ्याला! "लिंडहुल्टच्या कवितेपेक्षा गाय बरी, ती दूध तरी देते," असं छापलं होतं मेल्याने. त्यानंतर महिनाभर गावातल्या गाई मान ताठ करून चालत होत्या.

पानगळीपासून दर मंगळवारी तो काळा कोट घालून यायचा. प्रश्न विचारायचा. गप्प झाला की आन्सगारच्या छातीकडे बघत बसायचा. श्वास मोजायचा.

"डोमकावळा आहे तो," आन्सगारची बहीण डाग्नी कुजबुजायची. "तुझं माप घेतोय."

आन्सगार दोन-दोन लोकरी बंड्या घालायचा, नाक दाबून माशाचं तेल प्यायचा. काही झालं तरी मरायचं नाही. या माणसासाठी तर नाहीच.

मार्चमधल्या एका मंगळवारी सिक्स्टेन म्हणाला, "भाषण लिहून झालं. वाचू?"

"वाच. शिव्या तरी नव्या आहेत का बघू."

सिक्स्टेन वाचू लागला. तिसऱ्या पानावर डाग्नी दारात येऊन उभी राहिली. चुलीवर कॉफी उतू गेली, कुणी हललं नाही. आन्सगार स्वतः विसरला होता त्या ओळीसुद्धा याला पाठ होत्या. संपलं तेव्हा म्हाताऱ्याची दाढी भिजली होती.

"मग चाळीस वर्षं का छळलंस रे मला?"

"कौतुक केलं असतं तर तू लिहायचा थांबला असतास." सिक्स्टेनला खोकल्याची उबळ आली. रुमाल लाल झाला. "डॉक्टर म्हणतो, मे निघेल. जून नाही."

"आणि तू आधी गेलास तर? माझ्यावर कोण बोलणार?"

"मेल्केर. माझ्यामागे खुर्चीसाठी त्याचाच नंबर. त्याने तुझी एक ओळ वाचलेली नाही."

बोलता बोलता सिक्स्टेनचा डोळा लागला. आन्सगार त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला, त्याच्यावर रजई घातली, चारी बाजूंनी नीट खोचली आणि दाराकडे निघाला.

"कुठे चाललास?" डाग्नीने विचारलं.

"तळ्यावरून फिरून येतो जरा."

"डोकं फिरलंय का! तळ्यावरचं बर्फ काळं पडलंय, पाय ठेवला की फुटेल. आठ दिवसांत कुत्रंसुद्धा गेलं नाही त्यावर."

"हळू बोल," दार अलगद उघडत आन्सगार म्हणाला, "झोप मोडेल त्याची. उठला की गरम सूप पाज. मेपर्यंत जगला पाहिजे तो."