पुरे, पिप

पिप गाडीत चढली की कोरीन आधी तिची शेपटी शोधायची. शेपटी आत, पाय आत, नाक आत. एवढं झालं की मगच बटण दाबायची, आणि मागचं दार टिंगटिंग करत आपोआप खाली येऊन पुरतं बसेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असायचा. गाडी नवी होती. कुत्री सासऱ्यांची होती.

पुढच्या सीटवर बसलेल्या सासऱ्याला, ॲथलला, या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. "माझ्या गाडीला मागे नुसता फाळका होता," तो म्हणायचा. "साखळी अडकवली की झालं. कुत्र्यांना शेपट्या तेव्हाही होत्या, पोरी."

मध्ये काही आलं तर दार थांबतं, असं विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं. कोरीनने घरी एक भोपळा ठेवून बघितला. दार थांबलं खरं, पण भोपळ्याला खड्डा पडला होता. त्या भोपळ्याचं सूप पिताना ॲथल दर घोटाला तिच्याकडे बघून हसला होता. तिला मात्र तो खड्डा काही केल्या विसरता येईना.

आज ती दोघं पशुखाद्याच्या दुकानाबाहेर उभी होती. म्हणजे कोरीन उभी होती. ॲथलचा खुब्याचा सांधा नुकताच बदलला होता, तो खिडकीची काच खाली करून नुसता बसला होता. आजूबाजूच्या गाड्यांच्या हौद्यांतून कुत्री एकमेकांवर भुंकत होती. पिप ॲथलच्या खिडकीखाली उभी होती, पण कोणाला उत्तर देत नव्हती. ॲथल मेंढ्या विकून, शेत सोडून मुला-सुनेच्या घरी राहायला आल्यापासून ती अशीच होती. कान उभे, नजर ॲथलवर. रात्री उठून बघावं तरी जागीच.

कोरीनने कोंबड्यांच्या दाण्याची दोन जाडजूड पोती मागे टाकली. ती थेट काठापर्यंत आली. पिपला कुठे बसवावं याचा ती विचार करत होती, तेवढ्यात पिशवीतला पीचचा डबा घरंगळत गाडीखाली गेला. कोरीन वाकली. हात पुरेना म्हणून तिने पाय आत घातला आणि डबा ओढला.

टिंग, टिंग.

मागच्या बंपरखाली पाय हलवला की दार बंद व्हायला लागतं, हे तिला माहीत होतं. फक्त त्या क्षणी आठवलं नव्हतं. गडबडीत तिचा तोल गेला, ती गुडघ्यांवर आली, आणि पिप दाराखाली मान लांब करून पोती हुंगताना तिला दिसली.

"पाठी!" कोरीन ओरडली. "पिप, पाठी!"

पिपने एकदाच तिच्याकडे बघितलं. मग उडी मारून ती सरळ पोत्यांवर चढली आणि मान ताठ करून उभी राहिली. दार तिच्या डोक्यावर येत होतं.

"पाठी! अगं, पाठी!"

पिपने पाय आणखी घट्ट रोवले. कित्येक महिन्यांत ती इतकी खूश दिसली नव्हती. दार थांबवायचं बटण किल्लीवर होतं, आणि कोरीनला किल्ली सापडेना. कोणत्या खिशात हात घालावा तेच तिला कळेना.

"पुरे, पिप."

ॲथलचा आवाज मोठा नव्हता. हाक मारावी तसाही नव्हता. पण पिप पोत्यावरून खाली आली ती थेट त्याच्या खिडकीशी. दार पोत्यावर टेकलं, दाबलं गेलं, थांबलं, आणि कुरकुरत परत वर गेलं.

पिप उभी होती तिथे पोत्याला खड्डा पडला होता.

कोरीन तशीच जमिनीवर बसून राहिली. "मी तिला पाठी जा म्हणत होते," ती म्हणाली. "मागे. मागे हो म्हणत होते."

"आणि ती पाठीवर चढली." ॲथल हसत नव्हता. "मेंढवाड्यात मेंढ्या दाटल्या आणि पुढच्या हलेनाशा झाल्या की मी तेच म्हणायचो. पाठी. मग ही मेंढ्यांच्या पाठींवरून धावत पुढच्या टोकाला जायची. तू काम सांगितलंस, तिने केलं."

"मग थांबवायचं कसं तिला?"

"आता ऐकलंस की."

कोरीनने डोळे पुसले आणि 'पुरे' हा शब्द पुटपुटून बघितला. मग म्हणाली, "हा साधा शब्द तुम्ही मला आधी का नाही सांगितलात, ॲथल?"

ॲथलचा हात खिडकीबाहेर पिपच्या डोक्यावर होता.

"तो काम संपलं की म्हणायचा असतो," तो म्हणाला. "शेवटचा ट्रक मेंढ्या घेऊन गेला, तेव्हाच म्हणायला हवा होता. मला नाही जमलं, पोरी. हिला वाटत राहिलं, काम चालूच आहे."

कोरीनने पोती आत सरकवून मागचं दार लावलं, आणि मग पुढचं उघडून पिपला ॲथलच्या पायांशी बसवलं. एरवी त्याने यावरूनही चेष्टा केली असती.

गावाबाहेर रस्त्याला लागूनच मेंढ्या चरत होत्या. पुष्कळ होत्या, कुंपणापर्यंत आल्या होत्या. कोरीनने गाडी हळू केली आणि खाली बघितलं. पिप ॲथलच्या बुटावर हनुवटी टेकून गाढ झोपली होती.

ॲथल मात्र मेंढ्या दिसेनाशा होईपर्यंत मान वळवून बघत राहिला.