दुसरा हात

जुन्या बाजारातून आणलेलं लिहायचं मेज गॅलरीत उभं होतं. पॉलिशचा दुसरा हात काल देऊन झाला होता. आता ते नीट सुकलंय का, हे बघायला तो लाकडावरून तळवा फिरवत होता. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बायको त्याच्या हाताकडे बघत होती. हात डाव्या कोपऱ्याकडे सरकला तशी ती एक पाऊल पुढे आली.

त्या कोपऱ्याला त्याने काल पॉलिशचा बोळा लावलाच नव्हता. एका पायावर पॉलिशचे ओघळ सुकून टणक झाले होते. नजर केव्हापासूनच अधू होत चालली होती, पण घरात तो विषय काढायची सोय नव्हती. "उजेड कमी आहे," म्हणायचा आणि भर दुपारी दिवा लावायचा. काल तो जेवून आडवा झाल्यावर तिने ओघळ घासून काढले, सुटलेल्या जागा भरल्या, बोळा होता तिथेच ठेवला आणि स्पिरिटने बोटं पुसून टाकली.

मेज न्यायला लेक आली होती. तिच्या मुलीला अभ्यासाला हवं होतं.

"बाबा, काय चकाकतंय हो!" ती म्हणाली. "मागच्या वेळी दिलेल्या स्टुलावर नुसते चट्टे होते. तेव्हा बोलले नाही मी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्याचा हात कोपऱ्यावर थांबला.

"आता तुझ्या आईचा हात चांगला बसलाय," तो म्हणाला.

लेक खळखळून हसली. "काहीतरीच हं बाबा! आईला धड खिळा ठोकता येत नाही." आणि टेम्पोवाल्याला वर बोलवायला ती जिना उतरून गेली.

गॅलरीत दोघंच उरली.

"अहो, मी आपलं जरासं..."

"मग स्टुलाच्या वेळी का नाही केलंस?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तेव्हा वाटलं, तुमचं तुम्हालाच दिसेल."

खाली रस्त्यावर लेक टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होती. थोड्या वेळाने त्याने कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली. मेजाबरोबर तीही त्यानेच बाजारातून निवडून आणली होती; तिचा जुना रंग अजून खरवडायचा होता.

"हिचा रंग कुठला गं?"

ती खुर्चीजवळ आली.

"हिरवा," ती म्हणाली.

"हिरवा म्हणजे कसला?"

ती त्याच्याजवळ फरशीवर टेकली. खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिली.

"लग्नानंतर आपण जी खोली घेतली होती ना, तिच्या दाराचा होता, तसला. उन्हाने विटलेला."

त्याने डोळे मिटले.

"हं," तो म्हणाला. "दिसला."