कोरडी बशी

पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या करवतीची किंमत ऐकून बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, जुनी चालतेय की! हिला काय सोन्याचे दात आहेत?"

लाकूडतोड्या मात्र तोवर दुकानामागच्या ओंडक्यांना भिडलासुद्धा होता. लोण्यातून सुरी फिरावी तशी करवत फिरत होती. एक झाला, दुसरा झाला, गडी थांबेचना! आनंद पोटात मावत नव्हता. "बघितलंस?"

ती दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, यांना चहा द्या. कपबशीतून, काठोकाठ."

करवतीचं कौतुक करता करता त्याने चहा संपवला. तिची नजर बशीवर.

"जुनी करवत खाली ठेवली की हात असे थरथरतात, अर्धा चहा बशीत सांडतो," ती ताडकन उठली. "आज बशी कोरडी! भाऊ, द्या बांधून!"